घटनाकारांचा हेतू आणि स्थानबद्ध नागरिक : अनुच्छेद २१ व २२ यांच्या अर्थनिर्णयाचा पुनर्विचार

१

भारतीय राज्यघटनेच्या अर्थनिर्णयाचा इतिहास सांगताना अनुच्छेद २१ ला अग्रस्थान देण्याची प्रथा आहे. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाही व्यक्तीचे जीवित अथवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, एवढाच या अनुच्छेदाचा आशय. त्याच्या इतिहासाचा सर्वमान्य झालेला आराखडा थोडक्यात असा मांडता येतो : अमेरिकन घटनेतील ‘ड्यू प्रोसेस ऑफ लॉ’, म्हणजे यथोचित विधिप्रक्रिया, हे शब्द घटनासमितीने जाणूनबुजून टाकून दिले, १९५० साली गोपालन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा त्याग प्रमाण मानला, आणि १९७८ साली मनेका गांधी खटल्यात त्याच न्यायालयाने टाकून दिलेला आशय अर्थनिर्णयाच्या वाटेने पुन्हा घटनेत आणला.

हा आराखडा स्वीकारणाऱ्या अभ्यासकांत दोन पक्ष आढळतात. एक पक्ष १९७८ च्या निर्णयाला स्वातंत्र्याचा विजय मानतो. दुसरा पक्ष तोच निर्णय घटनाकारांच्या स्पष्ट हेतूचे उल्लंघन मानतो. दोघांचे निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी त्यांचे गृहीतकृत्य एकच आहे. घटनासमितीने हा प्रश्न एकदाच आणि निर्णायक रीतीने सोडवला, असे दोघेही धरून चालतात. प्रस्तुत विवेचनात प्रथम हे गृहीतकृत्य तपासावयाचे आहे. आणि त्यानंतर या वादात सहसा न विचारला जाणारा एक प्रश्न विचारावयाचा आहे. विनाचौकशी कारागृहात ठेवलेल्या ज्या माणसाच्या निमित्ताने हा वाद निर्माण झाला, त्या माणसाच्या पदरात या साऱ्या अर्थविकासातून नेमके काय पडले, हा तो प्रश्न होय. अर्थनिर्णयाची थोरवी त्याच्या विस्तारावरून ठरवावी की ज्या दुःखाच्या निवारणासाठी तो आरंभिला गेला त्या निवारणावरून ठरवावी, हा मूल्यमापनाचा मुद्दा त्यात अंतर्भूत आहे.

२

विनाचौकशी स्थानबद्धता ही स्वतंत्र भारताची निर्मिती नव्हे. बंगालचे १८१८ चे तिसरे रेग्युलेशन आणि मुंबई इलाख्याचे १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन ही तिची जुनी साधने होत. रँडच्या वधानंतर १८९७ साली पुण्याच्या नातू बंधूंना सरकारने याच मुंबईच्या रेग्युलेशनखाली अटकेत ठेवले. त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते, खटला नव्हता आणि शिक्षाही नव्हती. होती ती केवळ कैद. पुढे १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध जो क्षोभ उसळला त्याच्या मुळाशी हीच वेदना होती. घटनासमितीतील कित्येक सभासद स्वतः असा तुरुंगवास भोगून आलेले होते. म्हणून व्यक्तिगत स्वातंत्र्यासंबंधीचा वाद त्यांच्या दृष्टीने केवळ पुस्तकी नव्हता, हे प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

एप्रिल १९४७ च्या अखेरीस मूलभूत हक्कांविषयीचा जो अंतरिम अहवाल घटनासमितीपुढे आला, त्यात यथोचित विधिप्रक्रियेचे शब्द होते आणि समितीने ते स्वीकारलेही होते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेचा दौरा केला. तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी त्यांची भेट झाली. या शब्दांमुळे न्यायालयाच्या हाती येणारी कायदे तपासण्याची सत्ता लोकशाहीशी विसंगत आहे आणि न्यायसंस्थेवरही ती अवाजवी भार टाकते, असे फ्रँकफर्टर यांचे मत होते. फेब्रुवारी १९४८ च्या मसुद्यात मसुदा समितीने दोन बदल केले. ‘स्वातंत्र्य’ या शब्दामागे ‘व्यक्तिगत’ हे विशेषण आले आणि यथोचित विधिप्रक्रियेच्या जागी कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती आली. दुसरी शब्दयोजना अधिक निश्चित आहे, असे कारण मसुद्याच्या टिपेत देण्यात आले आणि जपानच्या १९४६ च्या घटनेतील ३१ व्या अनुच्छेदाचा दाखला जोडण्यात आला.

या बदलाचे सारे श्रेय अथवा दोष फ्रँकफर्टर यांच्या एका संभाषणाला देणे इतिहासदृष्ट्या अपुरे आहे. एका भेटीतील सल्ल्याने घटना बदलत नसते. तो सल्ला पटावा अशी परिस्थिती येथे अगोदरच होती. कूळकायद्यासारख्या सुधारणा न्यायालयात अडकून पडतील ही चिंता प्रांतांतील पुढाऱ्यांना होती; आणि फाळणीच्या काळातील दंगलींमुळे शासनाच्या हाती त्वरित अटकेची सत्ता असावी, असे वाटणारा वर्गही प्रबळ होता. या दोन भयांचे स्वरूप भिन्न आहे, ही गोष्ट मात्र बहुतेक विवेचनांत निसटते. पहिले भय मालमत्तेविषयीचे होते आणि दुसरे माणसाच्या देहाविषयीचे. अनुच्छेदात मालमत्तेचा उल्लेख नव्हता आणि ‘स्वातंत्र्य’ हा शब्दही ‘व्यक्तिगत’ या विशेषणाने मर्यादित झाला होता. म्हणजे पहिल्या भयाचे कारण बहुतांशी नाहीसे झाले होते. ६ डिसेंबर १९४८ रोजीच्या चर्चेत कन्हैयालाल मुन्शी यांनी नेमका हाच युक्तिवाद केला. करारस्वातंत्र्याच्या नावाखाली अमेरिकेत जे घडले ते येथे घडण्याचा संभव उरलेला नाही. तेव्हा व्यक्तीच्या देहस्वातंत्र्यापुरते तरी न्यायालयाचे संरक्षण ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. काझी सय्यद करीमुद्दीन यांची दुरुस्ती याच आशयाची होती. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी अमेरिकन न्यायालयाच्या अस्थिर निर्णयांकडे बोट दाखवून या दुरुस्तीला विरोध केला.

१३ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी चर्चेला जे उत्तर दिले, ते या इतिहासातील कळीचे साधन आहे. मसुदा समितीच्या अध्यक्षाने आपल्या मसुद्याचे समर्थन करावे ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु आंबेडकरांनी दोन्ही बाजूंची भये सारख्याच स्पष्टपणे मांडली. पक्षाच्या शिस्तीने बांधलेले विधिमंडळ घाईने अन्याय्य कायदे करू शकेल, हे त्यांनी मान्य केले. आणि सर्वोच्च न्यायालयातील पाचसहा व्यक्तींच्या सदसद्विवेकावर, किंबहुना त्यांच्या पूर्वग्रहांवर, कायद्यांचे भवितव्य सोपवणेही तितकेच कठीण आहे, असे ते म्हणाले. दोन संकटांच्या मधून नौका हाकारावी तशी ही अवस्था असल्याचे सांगून त्यांनी निर्णय सभागृहावर सोडला. सभागृहाने दुरुस्त्या फेटाळल्या. मतदानाचा निकाल निःसंदिग्ध होता यात शंका नाही. परंतु मसुद्याच्या प्रमुख शिल्पकाराचे मन निःसंदिग्ध नव्हते, हेही तितकेच खरे.

३

इतिहास येथे संपला असता तर घटनासमितीने प्रश्न कायमचा सोडवला, असे म्हणण्यास जागा होती. तो येथे संपला नाही. नऊ महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९४९ रोजी, डॉ. आंबेडकरांनी १५-अ हा नवा अनुच्छेद सभागृहापुढे ठेवला. आजच्या घटनेतील अनुच्छेद २२ तो हाच. मूळच्या १५ व्या अनुच्छेदाने लोकमत फार असंतुष्ट झाले आहे आणि त्या वेळी जे केले गेले त्याची भरपाई करण्यासाठी हा अनुच्छेद आणला आहे, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. यथोचित विधिप्रक्रियेचे शब्द परत आणता आले नसले तरी त्यांतील सारभूत आशय या मार्गाने राखला जात आहे, असा त्यांचा दावा होता.

हा आशय कोणता? अटक झालेल्यास अटकेची कारणे कळवावीत, त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा आणि चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, ही त्याची पहिली बाजू. दुसरी बाजू प्रतिबंधक स्थानबद्धतेची. तिसऱ्या खंडाने वरील सर्व हमी स्थानबद्धास लागू होणार नाहीत असे सांगितले. त्यांच्याऐवजी त्याला दोन गोष्टी मिळाल्या : तीन महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवावयाचे झाल्यास सल्लागार मंडळाचा अभिप्राय, आणि स्थानबद्धतेची कारणे शक्य तितक्या लवकर कळवून निवेदन करण्याची संधी. या सवलतींनाही अपवाद होते. सार्वजनिक हिताच्या कारणावरून वस्तुस्थितीचा तपशील रोखून धरता येत होता, आणि विशिष्ट प्रकरणांत मंडळाचा अभिप्राय न घेताही दीर्घकाळ स्थानबद्ध ठेवण्याची मुभा देणारा कायदा संसदेला करता येत होता.

सभागृहात या अनुच्छेदावर प्रखर टीका झाली. मसुदा समितीच्या सभासदांनी स्वतः तुरुंगाचा अनुभव घेतला असता तर बरे झाले असते, असे महावीर त्यागी यांनी बोलून दाखवले. तो टोला कडवट असला तरी निरर्थक नव्हता. ज्या राष्ट्रीय चळवळीने विनाचौकशी कैदेला अन्यायाचे प्रतीक मानले होते, तिच्याच घटनेत मूलभूत हक्कांच्या प्रकरणामध्ये त्या कैदेला नाव घेऊन स्थान मिळत होते.

१९४८ चे मतदान आणि १९४९ ची भरपाई एकत्र वाचली म्हणजे घटनासमितीच्या हेतूचे चित्र पालटते. समितीने एक शब्द नाकारला, परंतु त्या नकाराने ती समाधानी झाली नाही. तिने उणीव ओळखली, ती भरून काढण्याचा प्रयत्न केला आणि तो प्रयत्नही अर्धाच राहिला. अशा कृतीला ‘त्याग’ म्हणणे जितके अपुरे, तितकेच ‘स्वीकार’ म्हणणेही अपुरे. एका अस्वस्थ सभागृहाने भावी पिढ्यांवर सोपवलेला हा अपूर्ण व्यवहार होता, असेच म्हणावे लागते.

४

घटना अमलात येऊन एक महिना होतो न होतो तोच, फेब्रुवारी १९५० मध्ये, संसदेने प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा संमत केला. त्याच्याखाली मद्रास राज्यात स्थानबद्ध असलेले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९ मे १९५० रोजी सहा न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालासुद्धा सांगता येऊ नयेत असे फर्मावणारे १४ वे कलम न्यायालयाने रद्द ठरवले. बाकीचा कायदा मात्र बहुमताने वैध ठरला.

बहुमताच्या भूमिकेची दोन अंगे होती. कायदा म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा. त्यात नैसर्गिक न्यायाची तत्त्वे गृहीत धरता येत नाहीत, हे पहिले अंग. मूलभूत हक्कांचे अनुच्छेद परस्परांपासून अलग आहेत. व्यक्तीला कायदेशीर रीतीने कैद केल्यावर अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यांच्या कसोटीवर तो कायदा पारखता येत नाही, हे दुसरे अंग. घटनासमितीतील वैयक्तिक भाषणे अर्थनिर्णयास आधार म्हणून घेता येणार नाहीत, ही दक्षता न्यायालयाने पाळली. तथापि मसुद्यात एक शब्दप्रयोग बदलून दुसरा घातला गेला, या वस्तुस्थितीचा प्रभाव निकालावर स्पष्ट दिसतो. म्हणजे १९४८ चा बदल न्यायालयाच्या दृष्टीसमोर होता. १९४९ ची भरपाई कोणत्या भावनेने केली गेली, हा विचार मात्र कसोटीला लागला नाही. अनुच्छेद २२ ही स्थानबद्धासंबंधीची जवळजवळ परिपूर्ण संहिता आहे, अशा दृष्टीनेच त्याचे वाचन झाले.

न्यायमूर्ती फाजल अली यांनी भिन्न मत नोंदवले. सूचना, बाजू मांडण्याची संधी, निःपक्षपाती न्यायाधिकरण आणि सुव्यवस्थित चौकशी, या गोष्टींवाचून कार्यपद्धती या नावाला अर्थच उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचे मत पुढे विजयी ठरले असे आज सर्वत्र म्हटले जाते. ते विधान कितपत खरे आहे, हे पुढील इतिहासावरून पाहावे लागेल.

५

गोपालन निकालातील अलगपणाचा सिद्धांत कोणत्या प्रकरणांत ढासळला, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी त्या सिद्धांताला आव्हान दिले. परंतु ते अल्पमत होते. सिद्धांताला निर्णायक धक्का बसला तो १० फेब्रुवारी १९७० रोजी, बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाविरुद्ध आर. सी. कूपर या भागधारकाने केलेल्या अर्जावर अकरा न्यायमूर्तींच्या पीठापैकी दहांनी असे ठरवले की, हक्कांवरील आघात सरकारच्या उद्देशावरून नव्हे, तर व्यक्तीवर होणाऱ्या परिणामावरून मोजला पाहिजे. जो सिद्धांत एका स्थानबद्धाविरुद्ध उभा राहिला, तो कोसळला एका भागधारकासाठी! मालमत्तेच्या भयापोटी घटनासमितीने यथोचित विधिप्रक्रिया दूर सारली होती, हे आठवले म्हणजे या घटनेतील विपर्यास अधिकच डोळ्यांत भरतो.

२५ जानेवारी १९७८ च्या मनेका गांधी खटल्याचा विषयही स्थानबद्धता नव्हता. १९६७ च्या पारपत्र कायद्याखाली पारपत्र जप्त करण्यात आले आणि कारणे देण्याचे नाकारण्यात आले, ही तेथील तक्रार होती. कार्यपद्धती मनमानी वा जुलमी असता कामा नये; ती न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, आणि अनुच्छेद १४, १९ व २१ यांचे वाचन एकत्रच केले पाहिजे, असे न्यायमूर्ती भगवती यांच्या मुख्य निकालपत्राने ठरवले. त्याच वर्षी सुनील बात्रा खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निःसंकोचपणे सांगितले की, यथोचित विधिप्रक्रियेचे शब्द आपल्या घटनेत नसले तरी कूपर आणि मनेका निकालांनंतर परिणाम तोच आहे.

या दोन टोकांच्या मध्ये आणीबाणी येते. २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने असे ठरवले की, अनुच्छेद २१ ची अंमलबजावणी स्थगित असताना स्थानबद्धाला बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्जच करता येत नाही. अनेक उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांच्या बाजूने दिलेले निर्णय त्यामुळे रद्द झाले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांचे भिन्नमत हे या काळातील न्यायसंस्थेच्या सन्मानाचे स्थान होय. या अनुभवाची प्रतिक्रिया म्हणून १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यातील नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला. न्यायालयाचे दार स्थानबद्धाला बंद करता येणार नाही, एवढे यामुळे निश्चित झाले. दाराच्या आत त्याला कोणता न्याय मिळावा, हा प्रश्न मात्र यापासून वेगळा राहतो.

६

त्या प्रश्नाचे उत्तर २८ डिसेंबर १९८१ च्या ए. के. रॉय खटल्यात मिळते. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात स्थानबद्धतेची कमाल मुदत सामान्यतः बारा महिन्यांची आहे, आणि सल्लागार मंडळापुढे स्थानबद्धाला वकील देण्याचा हक्क ११ व्या कलमाने नाकारलेला आहे. मनेका निकालानंतर ही कार्यपद्धती न्याय्य मानता येईल काय, असा सवाल उपस्थित झाला. न्यायालयाचे उत्तर असे : घटनेने स्वतःच अनुच्छेद २२ च्या तिसऱ्या खंडात स्थानबद्धाला वकिलाचा हक्क नाकारला आहे, जे मूळ घटनेने नाकारले, त्याचा नकार अन्याय्य वा अवाजवी आहे असे म्हणता येणार नाही. सरकारने मंडळापुढे वकील उभा केल्यास स्थानबद्धालाही तो मिळाला पाहिजे, आणि वकील नसलेल्या मित्राचे साहाय्य त्याला घेता यावे, एवढ्या सवलती न्यायालयाने दिल्या. कायदा वैध ठरला.

या युक्तिवादाला एक भक्कम बाजू आहे, ती नाकारता येत नाही. विशेष तरतूद सामान्य तरतुदीवर मात करते, हा अर्थनिर्णयाचा जुना नियम आहे. घटनेचा एक अनुच्छेद दुसऱ्या अनुच्छेदाच्या आधारे पुसून टाकणे हे न्यायालयाचे काम नव्हे, असेही म्हणता येईल. परंतु तिसऱ्या खंडाचे शब्द बारकाईने वाचले म्हणजे या बाजूचे बळ कमी होते. पहिल्या दोन खंडांतील हमी स्थानबद्धाला लागू नाहीत, एवढेच तो खंड सांगतो. हमीचा अभाव म्हणजे मनाई नव्हे. वकील मनाई करतो तो संसदेचा कायदा. आणि संसदेचा कायदा न्याय्य आहे की नाही, हे तपासण्यासाठीच मनेका निकालाची कसोटी निर्माण झाली होती. शिवाय अनुच्छेद २२ ही उणिवेची भरपाई म्हणून घटनेत आली, असे तिच्या प्रवर्तकानेच सांगितले होते. भरपाई म्हणून दिलेला किमान हक्क पुढे त्या माणसाच्या हक्कांची कमाल मर्यादा ठरावा, हे त्या इतिहासाशी विसंगत आहे.

येथे न्यायालयाच्या पद्धतीतील मूळ विसंगती उघड होते. १९७८ साली अनुच्छेद २१ चा अर्थ विस्तारताना घटनाकारांच्या मूळ हेतूचे बंधन मानले गेले नाही. १९८१ साली अनुच्छेद २२ चा अर्थ लावताना तेच बंधन निर्णायक ठरले. पारपत्रासाठी हेतू लवचीक आणि स्थानबद्धासाठी ताठर, असा हा न्याय झाला. मूळ हेतूला प्रमाण मानावे की मानू नये, यावर मतभेद संभवतात. परंतु एकाच घटनेतील लगतच्या दोन अनुच्छेदांना दोन भिन्न मापे लावण्याचे समर्थन करणे कठीण आहे.

विधिमंडळाच्या बाजूनेही हीच उपेक्षा दिसते. ४४ व्या घटनादुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाने अनुच्छेद २२ मध्ये मौलिक सुधारणा केल्या होत्या : मंडळाविना स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणावयाची, मंडळाची रचना उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने करावयाची, आणि मंडळाला वगळून दीर्घकाळ डांबून ठेवण्याची संसदेची मुभा काढून टाकावयाची. दुरुस्ती संमत झाली. परंतु हे एक कलम अमलात आणण्याची अधिसूचना चार दशके उलटूनही निघालेली नाही. ती काढण्याचा आदेश सरकारला द्यावा, ही विनंतीही रॉय खटल्यात बहुमताने अमान्य झाली. आणीबाणीच्या अनुभवातून जी सुधारणा जन्मली, तिचा स्थानबद्धाला प्रत्यक्ष स्पर्श करणारा भागच कागदावर राहिला.

७

याचा अर्थ स्थानबद्धाला न्यायालयांतून काहीच मिळाले नाही, असा मात्र नव्हे. तसे म्हणणे अतिव्याप्त होईल. १९८१ च्या फ्रान्सिस कोरॅली मुलिन खटल्यात तस्करीविरोधी कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्या स्त्रीला वकिलाची व कुटुंबीयांची भेट घेण्याचा हक्क अनुच्छेद २१ च्या आधारे मिळाला; माणूस म्हणून प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क त्या निकालात ठामपणे मांडला गेला. परंतु या निकालाने स्थानबद्धतेतील वागणूक सुधारली. स्थानबद्धतेची कसोटी बदलली नाही.

खरा लाभ झाला तो वेगळ्याच उगमातून. १९६२ च्या हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्धाला कारणे इंग्रजीत देण्यात आली होती; ती भाषा त्याला येत नव्हती आणि त्याने हिंदी भाषांतर मागितले असता ते नाकारले गेले. न समजणाऱ्या भाषेतील कागद हाती देणे म्हणजे कारणे कळवणे नव्हे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याची मुक्तता केली. १९७३ च्या शंभूनाथ सरकार खटल्यात सातव्या खंडातील एका ‘आणि’ या शब्दाचा काटेकोर अर्थ लावून न्यायालयाने अंतर्गत सुरक्षा कायद्याचे १७-अ हे कलम रद्द केले आणि त्या मुद्द्यापुरता गोपालन निकालही मागे सारला. निवेदनाचा विचार करण्यास विलंब झाला, आधारभूत कागदपत्रे दिली गेली नाहीत, अशा कारणांवरून पुढील काळात अनेक आदेश रद्द झाले. हे सारे निर्णय अनुच्छेद २२ च्या, विशेषतः त्याच्या पाचव्या खंडाच्या, शब्दनिष्ठ वाचनातून आले आहेत. त्यांत अनुच्छेद २१ च्या निकालपत्रांतील भव्यता नाही. परंतु त्यांच्यामुळे कारागृहाचे कुलूप प्रत्यक्षात उघडले. आंबेडकरांच्या ‘भरपाई’ची किंमत जेवढी कमी लेखली जाते तेवढी ती कमी नव्हती, हेही यावरून सिद्ध होते.

याच काळात अनुच्छेद २१ चा विस्तार मात्र अनेक दिशांनी होत राहिला. १९८३ च्या मिठू खटल्यात सक्तीच्या देहदंडाची तरतूद रद्द झाली. १९८५ साली मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानला गेला. २०१७ साली खाजगीपणाचा हक्क प्रस्थापित झाला. यांपैकी कोणत्याही निर्णयाचे महत्त्व कमी लेखण्याचे प्रयोजन नाही. परंतु वृक्ष चोहीकडे पसरला असताना ज्याच्यासाठी तो लावला तो मनुष्यच उन्हात उभा राहिला, ही वस्तुस्थिती विस्ताराच्या कौतुकात झाकली जाऊ नये. फाजल अली यांचे मत विजयी झाले, हे विधान म्हणूनच दुरुस्त करून घ्यावे लागते. त्यांचे तत्त्व पारपत्रधारकासाठी, बंदिवानासाठी, कच्च्या कैद्यासाठी विजयी झाले. ज्या स्थानबद्धाच्या प्रकरणात ते मांडले गेले, त्या वर्गासाठी ते अद्याप पूर्णपणे विजयी झालेले नाही. निःपक्षपाती न्यायाधिकरणापुढे वकिलासह बाजू मांडण्याचा हक्क त्याला आजही नाही.

या दृष्टीने २०११ च्या रेखा विरुद्ध तामिळनाडू राज्य या निकालाकडे पाहण्यासारखे आहे. प्रतिबंधक स्थानबद्धता हा अनुच्छेद २१ ला असलेला अपवाद आहे आणि सामान्य फौजदारी कायदा पुरेसा असेल तेथे त्या अपवादाचा आश्रय घेता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने तेथे घेतली. अनुच्छेद २२ ही स्वयंपूर्ण संहिता नसून एका मोठ्या नियमाचा आकुंचित अपवाद आहे, हे वाचन रॉय निकालातील वाचनापेक्षा १९४९ च्या इतिहासाशी अधिक जुळते. तथापि केंद्राच्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याप्रमाणेच राज्यांचेही स्थानबद्धतेचे कायदे आहेत. महाराष्ट्राचा १९८१ चा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार इत्यादिकांच्या विघातक कृत्यांना आळा घालणारा कायदा हे त्याचे जवळचे उदाहरण. एका निकालातील भूमिका एवढ्या यंत्रणेला आपोआप वळण लावील, अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

वरील विवेचनातून अर्थनिर्णयाच्या अभ्यासकापुढे दोन गोष्टी येतात. घटनाकारांचा हेतू शोधताना एका दिवसाच्या मतदानावर थांबता येत नाही. सभागृहाने नंतर कशाची खंत बाळगली आणि कशाची भरपाई केली, हेही त्या हेतूचेच अंग मानावे लागते. तसेच एखाद्या हक्काच्या प्रगतीचे माप घेताना त्यातून निघालेल्या नव्या हक्कांची यादी पुरेशी नाही. ज्या प्रसंगी तो हक्क प्रथम मागितला गेला, त्या प्रसंगाकडे परत जाऊन पाहावे लागते. १८९७ साली पुण्यात आणि १९५० साली मद्रासमध्ये मागणी एकच होती : आरोप सांगा, आणि त्याला उत्तर देऊ द्या. अनुच्छेद २१ चा इतिहास या मागणीच्या कसोटीवर लिहिला गेला, तर मनेका निकाल हे त्यातील शेवटचे प्रकरण ठरणार नाही. रॉय निकालाचा पुनर्विचार आणि ४४ व्या दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमाची अंमलबजावणी ही त्यातील न लिहिलेली प्रकरणे म्हणून समोर येतील.